एलॉयची भरपाई

ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. एवढंच सांगते, की त्या अंगणातली लाकडं मी माझ्या हाताने उचलून पाहिली आहेत.

ही हकिगत ओर्लिंडाची. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला, डोंगरात, ओहितो नावाचं गाव आहे. ती तिथली. मी या भागात घरोघरी जाऊन हाडं मोडलेल्या लोकांना व्यायाम शिकवते, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ओर्लिंडाकडे मी अख्खा हिवाळा जात होते. तिने हे एका बैठकीत सांगितलं नाही. आज थोडं, पुढच्या खेपेला थोडं. मध्येच थांबायची, माझ्या हाताला घट्ट धरायची आणि मग पुढे बोलायची. काही तिच्या भावाकडून कळलं. नावं मी बदलली आहेत, कारण यातली एक पोर अजून लहान आहे.

नोव्हेंबरचा शेवट होता. थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता.

ओर्लिंडा आणि तिची मुलगी रोशेल शहरातून खरेदी करून परत येत होत्या. गाडी रोशेल चालवत होती. पंचविशीची पोर. नर्सिंग संपवून नुकतीच नोकरीला लागलेली. नवरा गेल्यापासून ओर्लिंडाच्या घरात माणूस म्हणून हीच एक. रोशेल आईला चिडवत होती, की तू घेतलेले बूट पाद्रीबाबांच्या बुटांसारखे दिसतात, रविवारी दोघांची अदलाबदल होईल. ओर्लिंडा हसत होती.

वळण आलं.

रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. काचेसारखा. दिसतही नव्हता.

समोरून एक जुना पिकअप आला. तो घसरला... आडवा झाला... आणि सरळ रोशेलच्या बाजूवर येऊन आदळला.

मग सगळं थांबलं.

फक्त गरम इंजिनवर बर्फ पडून चर्र... चर्र... असा आवाज येत होता.

ओर्लिंडाने हाक मारली. रोशेलची मान अशी वळली होती, की तिने दुसऱ्यांदा हाक मारलीच नाही.

तिला स्वतःचे पाय कळत नव्हते. तेवढ्यात तिच्या बाजूच्या खिडकीशी कुणीतरी येऊन उभं राहिलं.

उंच माणूस. चाळिशीच्या आतला. आतून लोकर लावलेलं जॅकेट, कपाळावर रक्त. डोक्यावरची टोपी काढून त्याने दोन्ही हातांत धरली होती, चर्चमध्ये धरतात तशी.

"बाई," तो म्हणाला, "माझ्याकडे इन्शुरन्स नाही."

शेजारी लेक मरून पडली होती, आणि हा माणूस तिला हे सांगत होता.

ओर्लिंडा त्याच्यावर ओरडली.

"माझं आज जे जे गेलं, ते तू भरून द्यायचंस. एकूण एक. ऐकलंस?"

"देतो," तो म्हणाला. "शब्द देतो."

तिने डोळे मिटले. पुढचं तिला आठवत नाही.

रोशेलला पुरलं तेव्हा ओर्लिंडा हॉस्पिटलात होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, दोनदा ऑपरेशन करावं लागलं. शेरीफचा माणूस जबाब घ्यायला आला. समोरच्याच्या पिकअपचा इन्शुरन्स कधीच संपला होता, असं त्याने सांगितलं. तो पुढे आणखी काही सांगणार होता. ओर्लिंडाने हात वर केला. त्या माणसाचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही, कुणीच नाही, असं तिने बजावलं.

सगळ्यांनी ते पाळलं.

वकिलाकडचे हेलपाटे तिच्या धाकट्या भावाने घातले. फिदेल त्याचं नाव. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवणारी सरकारी गाडी चालवतो. वकील त्याला म्हणाला, दावा कुणावर लावता? त्या घरात जप्त करायला काही नाही. उघड्यापाशी नागडं गेलं, सारी रात हिवानं मेलं, त्यातली गत. ओर्लिंडाची गाडी जुनी, म्हणून तिनेही कायद्याला लागेल तेवढाच इन्शुरन्स घेतलेला. तो हॉस्पिटलातच संपला.

ख्रिसमसच्या आधी ती घरी आली. वॉकर धरून. मागच्या खोलीतला रोशेलचा पलंग फिदेलने नीट घालून ठेवला होता आणि दार ओढून घेतलं होतं.

त्या घराला ऊब फक्त लोखंडी शेगडीची. शेगडीला लाकूड लागतं. दरवर्षी मायलेकी मिळून लाकूड फोडायच्या. या वर्षी फिदेलने आठवडाभर पुरेल एवढं आणून टाकलं, बाकीचं रविवारी बघू म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी, दिवस कलताना, अंगणातून आवाज आला.

ठक...

थोडा वेळ काही नाही.

ठक... ठक...

कुणीतरी लाकडं रचत होतं. एकावर एक, घाई न करता. ओर्लिंडाला वाटलं, फिदेल असेल. तिने हाक मारली. उत्तर आलं नाही. तिचा कुत्रा, ओसो, पानसुद्धा हललं तरी भुंकणारा. तो उठला, दाराकडे बघितलं, आणि सरपटत पलंगाखाली जाऊन बसला.

सकाळी तिने बघितलं, तर वळचणीपर्यंत लाकडं रचलेली.

फिदेल म्हणाला, मी नाही. चर्चमधल्या कुणीतरी टाकली असतील.

मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा त्या घरी गेले. पायऱ्या चढता चढता एक लाकूड उचलून पाहिलं. पहाटे बर्फ पडला होता. सगळं अंगण पांढरंशुभ्र. पण लाकडांवर बर्फाचा कणही नव्हता, म्हणजे ती बर्फ पडून गेल्यावर आलेली. आणि त्या बर्फात माझ्याखेरीज कुणाचंही पाऊल नव्हतं.

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

मग ओर्लिंडाने त्याला बघितलं.

तिन्हीसांजेची वेळ. आवाज सुरू झाला तशी ती वॉकर ओढत खिडकीशी गेली. अंगणात एक उंच माणूस पाठमोरा उभा होता. एकेक लाकूड वाकून ठेवत होता. ठेवताना हात फिरवून बघायचा, नीट बसलंय ना. मग तो वळला. तिच्याकडे बघितलं.

आणि डोक्यावरची टोपी काढली.

तिने ओळखलं. ती घाबरली नाही. तिला राग आला. तिने खसकन पडदा ओढला. मनात म्हणाली, कर. जन्मभर कर. शब्द दिला आहेस.

फिदेल दूध घेऊन आला तेव्हा तिने सांगून टाकलं.

"लाकडं कोण रचतंय ते कळलं मला. तोच. ज्याने आपल्याला ठोकलं."

फिदेल बाटली फ्रिजमध्ये ठेवत होता. तो तसाच थांबला. "कोण म्हणालीस?"

"तोच रे. उंच, लोकरीचं जॅकेट. मला बघून टोपी काढतो. त्या दिवशीही काढली होती."

फिदेल खुर्ची ओढून बसला. 

"ताई, तो माणूस मेला."

"कधी?"

"तेव्हाच. जागच्या जागी."

"काहीतरी बोलू नकोस. माझ्या खिडकीशी आला होता तो. बोलला माझ्याशी."

"तो जागचा हललाच नव्हता," फिदेल म्हणाला. "तिथे सगळ्यात आधी मी पोचलो. बर्फ हटवत त्याच रस्त्याने येत होतो. स्टिअरिंग छातीत घुसलं होतं त्याच्या. पत्रा कापून काढावा लागला. तू म्हणालीस नाव काढू नका, म्हणून कुणी काढलं नाही. एलॉय आर्चुलेता. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला."



बाहेर... ठक.

दोघांनी ऐकलं. फिदेल उठून खिडकीशी गेला. त्याला कुणी दिसलं नाही. पण त्याच्या डोळ्यांदेखत ढिगावर एक लाकूड वाढलं.

दुसऱ्या दिवशी तो पाद्रीबाबांना घेऊन आला. त्यांनी प्रार्थना केली, अंगणभर पवित्र पाणी शिंपडलं. सकाळी त्या पाण्याचा बर्फ झाला होता, आणि बर्फावर नवी लाकडं रचलेली होती.

"इथं जिवंत माणसं घेतलेलं परत देत नाहीत," फिदेल म्हणाला, "आणि तुला मेलेला आणून देतोय." तो हसायला गेला. पण हसू काही आलं नाही.

मग लाकडांबरोबर इतर वस्तू येऊ लागल्या.

घेवड्याच्या दाण्यांचं अर्धं पोतं. वाळलेल्या लाल मिरच्यांची माळ. कागदात गुंडाळलेलं हरणाचं मांस, दगडासारखं गोठलेलं. अपघातात मागच्या सीटवरचा किराणा रस्ताभर सांडला होता. ओर्लिंडाला तो आठवला. तिने वस्तू आत घेतल्या. शिजवून खाल्ल्यासुद्धा. ते तिने माझ्यापासून लपवलं नाही. तिच्या मते त्या तिच्या हक्काच्या होत्या.

एके दिवशी पायरीवर एक छोटा विजेचा हीटर ठेवलेला सापडला. आजूबाजूला गुडघाभर बर्फ. वायर बर्फात लोंबत होती.

ओर्लिंडाने वाकून हात लावला.

हीटर गरम होता.

नुकताच कुणाच्यातरी खोलीतून उचलून आणल्यासारखा.

तिने तो उलटा करून पाहिला. एका बाजूला स्टिकर चिकटवलेले होते. फुलपाखरांचे. लहान मूल चिकटवतं तसे, वाकडेतिकडे, अगदी खालच्या बाजूला, जिथे लहान मुलाचाच हात पोचतो.

तिने फिदेलला फोन केला. मला त्या माणसाच्या घरी घेऊन चल, म्हणाली.

वीसेक मैलांचा घाटरस्ता. खोऱ्याच्या टोकाला एक ट्रेलरचं घर, चाकांवर आणून ठेवतात तसलं पत्र्याचं, छपरावर टायर ठेवलेले. भर दुपार होती. दार एका बाईने उघडलं. तिशीची असेल. अंगात दोन स्वेटर आणि वरून नवऱ्याचा कोट. तिने ओर्लिंडाचा वॉकर पाहिला आणि ओळखलं.

"तुम्ही त्या मुलीची आई," ती म्हणाली. "न्यायला आलात? या. बघा काही राहिलंय का."

घरात तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

तिचं नाव नादीन. ती शहरातल्या मोटेलात खोल्या साफ करायची. एलॉयचं लाकूड कापायच्या गिरणीतलं काम सुटलं होतं. मग पिकअपचा इन्शुरन्स भरायचा की घरात गॅस भरायचा, अशी वेळ आली. गॅस भरू असं तीच म्हणाली होती. त्या रविवारी तो तिला कामावरून आणायला निघाला होता. हे सगळं तिने जमिनीकडे बघत सांगितलं. माफी मागितली नाही. ओर्लिंडालाही ती नको होती.

मग ती चोराबद्दल बोलू लागली. एलॉयने उन्हाळ्यात फोडून ठेवलेली लाकडं रोज कमी होत होती. ती पहारा देत बसली. पण माणूस दिसत नाही. फक्त लाकूड उचलल्याचा आवाज येतो. मग घरातल्या वस्तू जायला लागल्या. कुलूप जागच्या जागी, कडी आतून लावलेली.

"आणि ही..." नादीनने मागे बघितलं.

पडद्याआडून एक मुलगी बाहेर आली होती. सहा-सात वर्षांची. कानटोपी, पायात गुलाबी बूट. तिचं नाव मारियेल.

"ही म्हणते, डॅडी नेतो."

"डॅडीला कुणाचंतरी द्यायचंय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "तो म्हणतो, थोडंच राहिलंय."

ओर्लिंडाने तिथल्या तिथे वॉकर मागे वळवला. 

त्याच दिवशी त्यांनी उरलंसुरलं सगळं परत केलं. फिदेलने त्याच्या ट्रकमधून तीन खेपा मारल्या. लाकडं, दाणे, मांस, हीटर. ओर्लिंडाने स्वतःच्या घरातलं वर टाकलं. दोन गोधड्या, टॉर्टियाच्या पोळ्यांचं पीठ, बटाटे. नादीन दारात उभी राहून बघत होती. ती आभार मानत नव्हती आणि अडवतही नव्हती. शेवटी तिने कॉफी केली. तिघं ती प्यायली.

सकाळी सगळं पुन्हा ओर्लिंडाच्या अंगणात होतं.

गोधड्यासुद्धा.

पुन्हा नेऊन दिलं. पुन्हा परत आलं. मग दोन दिवस काहीच घडलं नाही. आवाज नाही, वस्तू नाही. ओसो पलंगाखालून बाहेर आला. ओर्लिंडाला वाटलं, संपलं बहुतेक.

तिसऱ्या दिवशी तिने पडदा सरकवला तर अंगणात गाडी उभी होती.

जुनी, निळी, एक दरवाजा वेगळ्या रंगाचा. ट्रेलरपुढे उभी असायची ती नादीनची गाडी. पिकअप गेल्यावर शेजाऱ्याकडून मागून घेतलेली, जिने ती आता कामावर जायची.

रस्त्यापासून दारापर्यंत कोवळा बर्फ पसरलेला होता. त्यात चाकाची एकही खूण नव्हती. किल्ली आतच होती. नादीन जेमतेम पाच फुटांची. पण पुढची सीट पार मागे सरकवलेली होती... उंच माणसाने सरकवावी तशी.

फिदेलने गाडीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. म्हणाला, संध्याकाळी काम आटपलं की नेऊन देतो. तोवर हात लावू नकोस.

ओर्लिंडा दिवसभर शेगडीपाशी बसून होती. दुपारी मी व्यायामाला आले तेव्हा ती माझ्याशी धड बोलली नाही. मी गेले. ऊन उतरलं. आणि तिला मागच्या खोलीतून आवाज आला.

अगदी हलका. जमिनीवर काहीतरी ठेवल्यासारखा.

टप...

आणि टप.

तोवर तो कधी घरात आला नव्हता.

ओर्लिंडा उठली. वॉकर पुढे टाकत त्या दारापर्यंत गेली. हॉस्पिटलातून आल्यापासून तिने ते दार उघडलं नव्हतं. आता उघडलं.

खोली गारठलेली. रोशेलच्या पलंगावरचं पांघरूण एका कोपऱ्यातून दुमडून ठेवलं होतं. कुणी झोपायला येणार असलं की आई दुमडून ठेवते, तसं.

आणि पलंगाशी, जमिनीवर, एकाला एक चिकटून... बूट ठेवले होते.

लहान. गुलाबी.

ओर्लिंडाला तिचेच शब्द ऐकू आले. जे जे गेलं ते. एकूण एक.

ऊब दिली होती. किराणा दिला होता. गाडी दिली होती.

आता एकच राहिलं होतं.

तिने धडपडत फोन गाठला आणि नादीनचा नंबर लावला. नादीनने उचलला.

"पोरी, मारियेल कुठं आहे?"

"आत आहे. चित्र काढतेय. का?"

"जा आणि तिचा हात धर. धरूनच ठेव. जा."

पावलं वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. नादीनने मुलीला हाक मारली. मग पुन्हा मारली. मग ती घरभर धावू लागली, ते फोनवर ऐकू येत होतं. आणि मग ती किंचाळली.

ओर्लिंडा खिडकीकडे तोंड करून उभी होती. फोन कानाला तसाच.

रस्त्यावरून मारियेल येत होती.

वीस मैलांचा घाट मध्ये होता. नादीनने नुकतंच तिला चित्र काढताना बघितलं होतं. आणि ती इथे, ओहितोच्या रस्त्यावर, नुसत्या मोज्यांनी बर्फातून चालत येत होती. डोक्यावर टोपी नाही.

तिचा उजवा हात वर होता. पार खांद्याच्या वर. उंच माणसाने बोट धरलं की लहान मुलाचा हात जसा ताणला जातो, तसा.

तिच्या शेजारी कुणी नव्हतं.

मागे बर्फात पावलं उमटत होती. फक्त तिचीच.

ओर्लिंडा बाहेर कशी गेली, तिचं तिलाच माहीत नाही. पायरीवर वॉकर घसरला, तो तिने टाकून दिला. खुब्यातून कळ मस्तकात गेली. ती फाटकाशी जाऊन पोचली. मुलगी फाटकाबाहेर थांबली. ओठ निळे पडले होते. पण ती रडत नव्हती.

"डॅडी म्हणाला, आता मी इथंच राहायचं," ती म्हणाली. "मी तुमची."

इथे ओर्लिंडा सांगायची थांबली होती. पुढचं तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

ती म्हणाली, एका क्षणासाठी मला ती हवीशी वाटली. आत शेगडी पेटलेली होती. पलंग तयार होता. मी फाटक उघडायचं, बस. इतकी शांत झाले होते मी, रोशेल गेल्यापासून कधी नव्हते एवढी.

आणि तो क्षण त्याला कळला. कारण मुलीचा हात थोडा पुढे आला. तिच्याकडे.

द्यायला.

ओर्लिंडाने फाटकाची कडी घट्ट धरली.

"मिळालं मला," ती मुलीच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली. "सगळं मिळालं. माफ केलं तुला. हिला ने."

हात खाली झाला नाही. तो तसाच, पुढे केलेला.

ती खोटं बोलत होती, आणि ते दोघांनाही कळत होतं.

अंधारून यायला लागलं होतं. मुलीचे दात वाजत होते. ओर्लिंडाच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि मग ती खरं बोलली.

"नाही केलं माफ. होणारही नाही माझ्याकडून. पण ही रोशेल नाही, रे. तू हिला दिलंस, तुझं घर दिलंस, सगळा डोंगर आणून टाकलास, तरी ती भरून येत नाही. तुला नाही देता येणार. कुणालाच नाही. राहू दे ते देणं. तसंच राहू दे."

वाराही नव्हता.

मग मुलीचा हात सुटला. वरून कुणी सोडल्यासारखा धपकन खाली आला. आणि मारियेल भोकाड पसरून रडायला लागली.

थोड्या वेळाने फिदेल आला, तेव्हा त्या दोघी शेगडीपुढे जमिनीवर बसल्या होत्या. ओर्लिंडाने पोरीचे पाय स्वतःच्या पोटाशी धरले होते. दुरुस्त झालेलं हाड पुन्हा सरकलं होतं. तिला उठता येत नव्हतं.

मारियेलला काही झालं नाही. बोटंसुद्धा शाबूत राहिली. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. ती तिथे कशी पोचली, हे शेरीफच्या माणसाने पुन्हा पुन्हा विचारलं. कुणीतरी गाडीतून आणून सोडलं असेल, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. दोन्ही बायांनी ते खोडून काढलं नाही.

त्यानंतर अंगणात लाकूड आलं नाही. वसंतात नादीन मुलीला घेऊन कोलोरॅडोला स्वतःच्या आईकडे राहायला गेली. जायच्या आधी ती ओर्लिंडाला भेटायला आली होती. दोघी बराच वेळ बसल्या. काय बोलल्या, ते मी विचारलं नाही.

ओर्लिंडा आता काठी घेऊन चालते. माझं तिच्याकडचं काम संपलं आहे. तरी मी त्या बाजूला गेले की डोकावते. परवा गेले, तेव्हा मी सहज विचारलं, नादीनची काही खबर?

ती म्हणाली, मारियेल फोन करते. शाळेचं सांगते, मांजराचं सांगते. गोड बोलते पोर. आणि ठेवायच्या आधी आवाज बारीक करून एक प्रश्न विचारते. दर वेळी तोच.

"कसला?"

"डॅडी विचारतोय, मग मी काय देऊ?"

 ओर्लिंडा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होती.

"मग तू काय सांगतेस तिला?"

"अजून काही सांगितलेलं नाही. 'काही नको' हेसुद्धा नाही," ती म्हणाली. "पण पोरगी दर रविवारी फोन करते."

तो दिवस शनिवारचा होता.